खंड्याच्या घराला काकूंचं मोहन

सुधाकाकू मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा एका पक्ष्याला रागवत होत्या. शिकागोजवळच्या एका प्राणिसंग्रहालयात मी पक्षी सांभाळते. तिथे आफ्रिकेच्या जंगलातल्या बुटक्या खंड्याची जोडी होती. मुठीत मावेल एवढा जीव, पाठ निळी, पोट केशरी, गालांवर जांभळी लाली. नर रातकिडा चोचीत धरून फांदीवर आपटत होता. "अरे, मेला ना तो! काहून आपटून राहिला?" काकू ओरडल्या. मला हसू आवरेना. किडा आपटून मऊ केल्याशिवाय तो गिळत नाही, हे मी त्यांना समजावलं.

काकू नागपूरच्या. जवळच्याच शॉमबर्ग गावात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. सून ऑफिसला जाताना त्यांना रोज आमच्याकडे सोडायची. "टीव्हीपेक्षा हे बरं. जाहिराती नाहीत," म्हणायच्या.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. खंड्या मातीच्या भिंतीत चोचीने बोगदा खणून अंडी घालतो. आमची जोडी भिंतीवर झेप घ्यायची आणि टणकन परत यायची. महिनाभरात घरटं झालं नाही तर जोडी दुसरीकडे पाठवू, असं मॅनेजरने सांगून टाकलं होतं.

हे ऐकल्यावर काकूंनी मनाई असताना कठड्यावरून वाकून भिंतीला बोट लावलं. "बाप्पा! मोहन कमी पडलं याच्यात."

"काकू, करंजी नाही ही. माती आहे."

"पीठ काय अन् माती काय! मूठ वळली पाहिजे, बोट लावलं की फुटली पाहिजे. आण बादली!"

मग मागच्या खोलीत आम्ही दोघी वाळू, माती, पाणी कालवत बसलो. काकूंनी तीन बादल्या नापास केल्या. चौथीची मूठ वळली, फुटली, आणि त्यांनी चिखलाच्या हातानेच मला टाळी दिली. त्या मातीची नवी भिंत थापली. तिसऱ्या दिवशी नर भिंतीत, बाहेर नुसती शेपटी! काकूंनी गिरकी घेतली, मीही घेतली. सहलीला आलेली शाळेची मुलं आमच्याकडेच बघत राहिली.

बोगद्यातून पिल्लांची किरकिर ऐकू यायला लागली आणि काकूंचे सहा महिने संपले. "यांचं बारसं चुकलं बघ माझं," म्हणत त्या रडल्या. मीही रडले.

पहिलं पिल्लू बाहेर आलं, मग काही दिवसांनी एका सकाळी त्याने स्वतःहून रातकिडा पकडला. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात संध्याकाळ होती. चोचीतल्या वळवळत्या किड्याचं काय करावं, हे पिल्लाला कळेना. तेवढ्यात अख्खं पक्षीगृह दणाणेल असा आवाज फोनमधून आला.

"अरे पोट्ट्या, बघून काय राहिला? आपट!"

आणि त्याने आपटला.