खालच्या पट्टीतलं गाणं

देवळीच्या बस स्टँडमागे माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि दर रविवारी आमच्या टिनाच्या छपराच्या प्रार्थनाघरात गाणं उचलणं हे माझं काम होतं. पेटी वाजवायला कोणी असो नसो, पहिली ओळ मी घ्यायचे आणि मंडळी मागून यायची. माझा आवाज उंच होता. नाताळच्या आधी आम्ही गात गावातून फिरायचो, तेव्हा शेजारपाजारच्या बाया दारात येऊन म्हणायच्या, "आली वो आमची गाणेवाली." मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग गळ्यात गाठ आली. सावंगीला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, "गाठ आवाजाच्या नसेला बिलगून आहे. ती काढावीच लागेल. पण आवाज पहिल्यासारखा राहील, असं सांगता येत नाही."

ऑपरेशन चांगलं झालं. टाके सुकल्यावर मात्र मी तोंड उघडलं, तर आतून कोणी पुरुषच बोलतोय असं वाटलं. जाड, घोगरा आवाज. वर चढवायला गेलं की फाटायचा. फोनवर नवीन गिऱ्हाईक मला 'दादा' म्हणू लागले.

माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या मोबाईलमध्ये माझी जुनी गाणी भरलेली होती. ती मी माझ्या मोबाईलवर घेतली आणि दुकानात मशीन चालवताना दिवसभर लावून बसू लागले. रविवारी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, ओठ मिटून बसायचे. प्रार्थना एकच: देवा, माझा आवाज परत दे. दुसरं काही मागावं असं सुचायचंच नाही.

नाताळ आला. पास्टरांना मीच म्हटलं, "माझं जुनं गाणं स्पीकरवर लावा. लोकांना बरं वाटेल." बिचारे नाही कसं म्हणणार? उपासनेत गाणं लागलं. माझा तो लखलखीत आवाज छपराला जाऊन भिडला. मी डोळे मिटून ऐकत होते. एक कडवं संपलं तेव्हा लक्षात आलं, सोबत कोणीच गात नाही. डोळे उघडले. कोणी स्पीकरच्या खोक्याकडे बघत होतं, कोणी जमिनीकडे. नाताळच्या दिवशी एवढी शांतता आमच्याकडे कधीच नव्हती.

उपासनेनंतर चहा होता. किटली माझ्याच हातात. सावंगीच्या दवाखान्यात नुकतीच लागलेली केरळची एक सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या मंडळीत आली होती. तिनं मोडक्या हिंदीत माझ्या मिस्टरांना विचारलं, "भैया, वो दीदी बहुत मीठा गाती थीं. कब गुजर गईं?"

मिस्टर गोंधळले. "कोन गुजर गई? हे काय, तुमच्या कपात चहा ओतून राह्यली."

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. दुसरं कोणी हसायच्या आत मीच हसले, माझ्या त्या खरखरीत आवाजात, पोट धरून. आणि हसता हसता रडू कोसळलं. जिवंतपणी मी माझीच शोकसभा भरवली होती.

घरी जेवताना मिस्टर हळूच म्हणाले, "मलेही तुया तो आवाज याद येते. पन तू त्यातच राहून राह्यली, तं मी घरात कोनासंगं बोलू?"

लहानपणी आई सांगायची, देव रानात आपल्या लोकांना रोज सकाळी आभाळातून भाकर द्यायचा. कोणी उद्यासाठी लपवून ठेवली की तिच्यात किडे पडायचे. ती गोष्ट मी मंडळीतल्या मुलांना शंभरदा सांगितली असेल. त्या दुपारी ती मला लागली. ज्यानं काल दिलं, त्याच्याकडे आज द्यायला काहीच उरलं नाही, हे मी कशावरून ठरवलं होतं? ताटावर बसूनच मी प्रार्थना केली. 'परत दे' म्हटलं नाही. म्हटलं, 'आता जे देशील ते घेते.'

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सिस्टर माफी मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "दीदी, हमारे चर्च में नीचे का सुर गाने के लिए ऐसी आवाज ढूँढ़ते हैं. आप गाती क्यों नहीं?"

"काय गाऊ? फाटतो आवाज."

"ऊपर फटता है. तो ऊपर क्यों जाती हो?"

मला रागच आला. घरी येऊन मात्र आमच्या जुन्या पेटीचे खालचे स्वर दाबून पाहिले. तिथे आवाज फाटत नव्हता. गोल, भरलेला निघत होता. मग सिस्टर दर रविवारी दुपारी घरी येऊ लागली. ती वरून गायची, मी खालून. सुरुवातीला फार बेसूर झालं. मिस्टर अंगणात जाऊन बसायचे. पण आम्ही सोडलं नाही.

ईस्टरला आजूबाजूच्या मंडळ्या पहाटे वर्ध्याच्या एका मैदानावर जमल्या. पास्टर म्हणाले, "ताई, गानं तुमीच उचलजा."

माईक हातात आला. तो जुना आवाज येईल, अशी वाट मी एकदाही पाहिली नाही. प्रभू कबरीतून उठला आहे, हे सांगायला आम्ही जमलो होतो. मग मीच कबरीशी कशाला थांबू? खालच्या पट्टीत पहिली ओळ घेतली. सिस्टर वरून येऊन मिळाली. आणि मागून एकदम पुरुषांचा आवाज उठला. आमच्या मंडळीतले एक वयस्कर काका वर्षानुवर्षं नुसत्या टाळ्या वाजवायचे. ते गळा मोकळा सोडून गात होते. त्यांच्या बाजूचे गात होते, हिंगणघाटचे गात होते. ऊन आलं तेव्हा सगळं मैदान गात होतं.

गाणं संपल्यावर काका माझ्याकडे आले. "बाई, तुया पट्टीत माया गळा कधी पोचलाच नाई. म्हनून मी चूप राहो. आज पोचला!"

"काऊन नाई सांगतलं, काका?"

"तू एवढी गोड गाये. तुले कोन सांगन?"

माझ्या उंच आवाजाच्या दिवसांत आमची मंडळी अर्धीच गात होती, आणि मी त्या दिवसांसाठी रडत होते.

परतताना भाड्याच्या टेम्पोत सगळे दाटीवाटीनं बसलो. आठवड्याभरात मला गळ्याच्या फेरतपासणीला जायचं होतं. त्यात काय निघेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला भीतीही वाटत नव्हती. कोणीतरी म्हणालं, "ताई, उचला एक." मी उचललं. देवळी आली तरी कडवी संपेनात.

टेम्पोवाल्याला म्हटलं, "भाऊ, आनखी एक चक्कर मार."

त्यानं हसून गाडी पुन्हा रस्त्याला लावली.