वेचून टाकलेले दाणे

डॉक्टर अनुयांना स्वच्छ शेंगदाणे हवे होते. स्वच्छ म्हणजे नुसते निवडलेले नव्हेत, तर ज्यांत बुरशीचं विष औषधालाही सापडणार नाही असे. अशा दाण्यांत मोजून विष घालायचं आणि यंत्राला ते तेवढंच दिसतं का ते पाहायचं, ही यंत्र तपासायची रीत. पुण्याहून मागवलेले दाणे संपले होते आणि नवे यायला आठवडा होता.

"क्षमाताई, तुमच्या घरी असतीलच की," अनुया म्हणाल्या. "मराठी घर आहे. मूठभर आणाल उद्या?"

"कूट केलेलं आहे. चालेल का, मॅडम?"

"चालेल. तसंही दळायचंच असतं."

क्षमा ठोसर झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. बहुतेक काळ पाण्यात गेला. हँडपंपाचं, टाक्यांचं, शाळांचं पाणी यायचं आणि ती त्यातले जंतू मोजायची. गेल्या वर्षी अनुया पुण्याहून आल्या आणि शेंगदाण्यांचं काम सुरू झालं. मऊरानीपूरच्या बाजूला भुईमूग पुष्कळ. शेंगा नीट वाळल्या नाहीत किंवा पोती दमट खोलीत राहिली की दाण्यावर हिरवट बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. त्याला चव नाही, वास नाही आणि भाजल्याने ते पुरतं जातही नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर ते यकृताला बाधतं. दोनशे चाळीस घरांतले दाणे आणून त्यात ते किती आहे, हे मोजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी क्षमा स्टीलच्या डबीतून कूट घेऊन आली. तिनेच ते तोललं, द्रावणात हलवलं, गाळलं आणि यंत्राला लावलं. दुपारी आकडा आला. खाण्याच्या दाण्यांत किलोमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. तिच्या डबीतल्या कुटात शहाऐंशी होतं.

अनुयांनी कागद पाहिला. "भांडं आधीच्या नमुन्याचं राहिलं असेल. परत करा."

क्षमाने नवं भांडं घेतलं, नवा गाळणकागद घेतला. परत केलं. चौऱ्याऐंशी.

"ताई, हे दाणे कुठले?"

"मानिक चौकातले. मुकेशभैयाच्या दुकानातून आणते."

"पण कसले? अख्खे, सुटे?"

"छाँटन," क्षमा म्हणाली. "वेचून बाजूला काढलेले. तुकडे, सुरकुतलेले, काळपट. आमच्याकडे कुटासाठी तेच आणतात. आईपासून."

  प्रत्येक घरी भरायच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न होता, वेचून टाकलेल्या दाण्यांचं तुम्ही काय करता? ती आठ महिने गावोगाव हा प्रश्न विचारत फिरली होती. चांगला दाणा बाजारात जातो आणि वाईट घरात राहतो, चटणीला, तेलाला, गाईला, हे तिने स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा लिहिलं होतं. ते लिहून ती झाशीला परतायची, मानिक चौकात उतरायची आणि अर्धा किलो छाँटन बांधून घ्यायची. त्या गावांतले दाणे आणि आपल्या घरातले दाणे एकच, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"बाकीच्या बारा नळ्या लावून टाकू का?" तिने विचारलं.

"आज राहू द्या, ताई."

"लावते. नाहीतर उद्या खोळंबा होईल."

तिने बाराही नळ्या लावल्या, आकडे रजिस्टरात उतरवले आणि साडेपाचला ती घरी गेली.

तिचा नवरा गजानन जाऊन तीन वर्षं झाली होती. तो मूळचा भुसावळचा, रेल्वेत कारकून. बदलीवर झाशीला आला तेव्हा क्षमाच्या वडिलांना ऑफिसातल्या कोणीतरी हे स्थळ सांगितलं. ठोसरांच्या घरी भाजीत कूट घालायचे, पण क्षमाच्या माहेरी घालायचे तेवढं नव्हे. तिचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी कोकणातून इकडे आलेले. भाषेत हिंदी शिरली, नारळ सुटला, आणि नारळाच्या जागी शेंगदाणा आला. आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला कूट. गजाननला ते फार आवडलं. डब्यात रोज दोन दाण्यागुळाचे लाडू लागायचे. एखाद्या दिवशी नसले तर तो संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवून म्हणायचा, "आज ऑफिसात जेवलो, पण जेवल्यासारखं वाटलं नाही."

एकावन्नाव्या वर्षी त्याचं पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. ग्वाल्हेरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी तिलाच बाजूला घेऊन विचारलं, पीते कितना हैं? ती म्हणाली, पीत नाहीत. तीन वेगळ्या डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी तिला वाटलं, हा चोरून तर पीत नसेल? तिने घरी येऊन त्याचं फडताळ तपासलं. त्यात काही नव्हतं. यकृताचा कर्करोग निघाला, आणि रक्तात कावीळ बीचा जुना संसर्ग. साडेचार महिन्यांत तो गेला. शेवटी त्याला काही पचत नव्हतं, तेव्हा ती लाडू पाण्यात कुस्करून चमच्याने भरवायची, कारण तेवढंच तो मागायचा.

घरी आल्यावर तिने कुटाचा डबा खाली काढला. मोठा होता, निम्मा भरलेला. मुलगी मुग्धा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, टेबलाशी बसून काही लिहीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत.

"मम्मी, ये क्यों निकाला? अभी भरा है।"

"खराब झालं आहे."

"खुशबू तो ठीक है।"

"वासावर नसतं," क्षमा म्हणाली. तिने डबा पिशवीत रिकामा केला आणि पिशवीला दोन गाठी मारल्या. मग भाजी फोडणीला टाकली. त्या रात्री ती रडली नाही. रडू यावं म्हणून तिने गजाननचा चेहरा आठवून पाहिला, तेव्हा चेहऱ्याऐवजी आकडेच दिसले.

तीन दिवस ती वेळेवर येऊन काम करून जात राहिली. चौथ्या दिवशी चहाच्या वेळी तिने अनुयांना गजाननची गोष्ट सांगितली. फाईल आणली होती. ती पुढे सरकवून तिने विचारलं, "मॅडम, त्यानेच झालं का?"

अनुयांनी फाईल संपूर्ण वाचली. त्या क्षमाहून तेरा-चौदा वर्षांनी लहान होत्या, पण वाचताना त्यांचा चेहरा थोराड झाला.

"एका माणसाबद्दल कोणी सांगू शकत नाही, ताई. त्यांना कावीळ बी होती. तिच्यानेही होतं. दोन्ही एकत्र असली तर धोका कितीतरी पटीने वाढतो, एवढं माहीत आहे. पण त्यांच्यात काय किती होतं, हे आता मोजता येणार नाही."

"म्हणजे दाण्यांनी झालं नसेलही."

"नसेलही."

"आणि झालं असेलही."

"हो."

क्षमाने मान हलवली. खोटा धीर दिला असता तर तिला कळला असता, आणि मग या बाईसमोर रोज उभं राहणं अवघड झालं असतं. "मुग्धा एकोणीस वर्षं तेच खातेय," ती म्हणाली.

"उद्याच तिची कावीळ बीची तपासणी करून घ्या. तुमचीही. नसेल तर दोघींनी लस घ्या. आणि यकृताची सोनोग्राफी. मी येते बरोबर."

त्या खरंच आल्या. मायलेकी दोघींचे अहवाल चांगले निघाले. मुग्धाने लस टोचून घेताना विचारलं, "पापा को ये लगा होता तो?" क्षमा म्हणाली, "तेव्हा कोणी देत नव्हतं." ते खरं होतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

मुकेशच्या दुकानात ती गेली ती जाब विचारायला नव्हे. छाँटन कोण कोण नेतं, एवढंच तिला हवं होतं. मुकेशने बोटांवर मोजलं. "आप लोगों की ही चार-पाँच फैमिली हैं, भाभी जी। अब नहीं रखूँ?" ती म्हणाली, नको ठेवू. मग तिने त्या सगळ्या घरी फोन केले. दोघींनी लगेच ऐकलं, एकीने उचलला नाही. लांबच्या नात्यातली सिंधूमावशी म्हणाली, "अगं, मी सत्तर वर्षं खातेय. मला काय झालं?"  क्षमा म्हणाली, "काही नाही, मावशी. पण आता नको खाऊस."

राहिली ती दोनशे चाळीस घरं. ठरलेलं असं होतं की सगळे आकडे जमल्यावर, सहा महिन्यांनी, गावोगाव सभा घेऊन निकाल सांगायचा. क्षमाने अनुयांना विचारलं, "ज्यांचे आकडे आताच आलेत, त्यांना आता का नाही सांगायचं? सहा महिने खातील ना ते."

"नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. मध्येच सांगितलं तर लोक सवय बदलतात, आणि मग अभ्यास..." अनुया थांबल्या. "मी आजच लिहिते."

बारा दिवसांनी परवानगी आली. पन्नासच्या वर आकडा असलेली एकवीस घरं होती. क्षमाने त्यांची यादी हातात घेतली आणि मऊरानीपूरची बस धरली.

पहिलं घर हरकुँवरचं. आकडा एकशे चाळीस. साठीची बाई अंगणात सूप घेऊन बसली होती. अख्खे टपोरे दाणे पोत्यात टाकत होती, आणि वाकडे, काळे, सुरकुतलेले स्वतःच्या पदरात. सून आत भाकरी करत होती. क्षमाला ओळखून हरकुँवरने पदरातली मूठ पुढे केली.

"खाओ, बेटा। मीठो है।"

क्षमाने दाणे हातात घेतले. आलेल्या माणसाला दिलेलं नाकारायचं नाही, हे तिच्याही घरचं वळण. तरी तिने ते खाल्ले नाहीत. एकेक करून सुपाच्या कडेला ठेवले आणि अहवालाचा कागद उलगडला. चांगला दाणा, वाईट दाणा, बुरशी, यकृत, असं सगळं ठरल्याप्रमाणे सांगितलं. हरकुँवर ऐकत होती आणि हात वेचत होते.

"हम तो जनम से खा रए," ती म्हणाली.

कागदावर पुढे जे लिहिलं होतं ते क्षमाने वाचलं नाही. "अम्मा, मेरे आदमी भी यही खाते थे," ती म्हणाली. "बीस साल। कलेजे का कैंसर हुआ। नहीं रहे।"

वेचणारे हात थांबले. "एई से?"

"पता नहीं। कोई नहीं बता सकता।"

"खवाउत को हतो?" खायला कोण घालायचं, असं ती विचारत होती.

"मैं," क्षमा म्हणाली.

हा शब्द तिने तोवर कोणाला सांगितला नव्हता, स्वतःलाही नाही. सांगितला तरी काही झालं नाही. अंगणात शेळी बांधलेली होती, ती पाला खात राहिली. हरकुँवरने तिच्याकडे पाहिलं. मग आत सुनेकडे पाहिलं.

"हम सोई खवा रए," ती हळू म्हणाली. आम्हीही तेच खायला घालतोय. मग तिने पदर झटकला, वाईट दाणे जमिनीवर पडले. "इनको का करें? गइया खों दै दें?"

"गाय को नहीं। दूध में आता है। तेल भी नहीं निकालना। गड्ढा खोदकर दबा दो।"

"इत्ते सारे?"

क्षमाला त्या दाण्यांकडे पाहवेना. ते कोणीतरी पेरले होते, निंदले होते, उपटून झाडले होते. "हाँ," ती म्हणाली.

हरकुँवर हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सुनेने चहा आणला, तो क्षमाने प्यायला. त्या दिवशी तिने आणखी तीन घरं केली. तिथेही तेच सांगितलं, गजाननसकट. एका घरी म्हाताऱ्याने तिला उठवून लावलं. माल विकला जाऊ नये म्हणून कोणीतरी तुला पाठवलं आहे, असं त्याचं म्हणणं. तिने कागद उंबऱ्यावर ठेवला आणि निघाली. पंधरा दिवसांत एकवीस घरं झाली.

पुढे अहवाल तयार झाला. दोनशे चाळीसपैकी एकसष्ट घरांत आकडा दहाच्या वर होता, आणि त्यांतली बहुतेक वेचून टाकलेलं खाणारी. क्षमाचे शहाऐंशी आणि चौऱ्याऐंशी त्यात कुठेच नव्हते. रजिस्टरात त्यांच्यापुढे अनुयांच्या अक्षरात लिहिलं होतं: शहरी नमुना, अभ्यासाबाहेर. ते बरोबरच होतं. अनुयांनी तिला आधी विचारलं होतं, आणि लिहा म्हणून तिनेच सांगितलं होतं.

यंदा काढणीच्या आधीपासून ती गावात जाते. शेंगा जमिनीवर न वाळवता ताडपत्रीवर कशा पसरायच्या, दात लावल्यावर कडक लागेपर्यंत पोत्यात का भरायच्या नाहीत, हे दाखवते. बायका विचारतात, तुमच्या घरात खरंच झालं का? ती सांगते. सांगताना आवाज हलत नाही, म्हणून काहींना तिचं नवल वाटतं आणि काहींना ती खोटं बोलते असं वाटतं. मुग्धाने एकदा बरोबर येऊन तिला बोलताना ऐकलं. बसमध्ये परतताना ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू असं सांगते जसं दुसऱ्या कोणाचं आहे."

"मलाही तसंच वाटतं," क्षमा म्हणाली.

गेल्या आठवड्यात हरकुँवरकडचा नवा नमुना तपासला. अकरा निघाला. फॉर्म भरताना सुनेने खरं सांगून टाकलं होतं की निम्मं पुरतात आणि निम्मं शेळ्यांना घालतात, सासू ऐकत नाही. क्षमाने सतराव्या प्रश्नापुढे ते जसंच्या तसं लिहिलं, नळी खोक्यात ठेवली आणि पुढची घेतली.