दादाने घासलेली पट्टी

दादाच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. पंपांच्या कारखान्यात तो वीस वर्षं फिटर होता. तिथे सकाळी काही सुचलं की दुपारी ते मशीनवर बसलेलं असायचं. मालक हात पुसत यायचा, दोन मिनिटं आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "चालतंय ना? मग राहू दे." नवीन काही करण्याची तिथली रीत एवढीच.

तो कारखाना बंद पडला तेव्हा मीच त्याला आमच्या औषधांच्या कंपनीत चिकटवलं. मी तिथे गुणवत्ता तपासणीत. आमच्याकडे साधा स्क्रू बदलायचा तरी आधी अर्ज, मग चाचण्या, मग चार सह्या. लोक हसतात, पण ते बरोबरच आहे. गोळी आजारी माणसाच्या पोटात जाते. हे सगळं मी दादाला पहिल्याच दिवशी नीट बसून सांगायला हवं होतं. त्याने विचारलंही होतं, "इथं काही सुधारायचं तर कोणाला विचारायचं गं?" मी घाईत होते. शिवाय थोरल्या भावापुढे जरा ऐट मिरवायची होती. म्हटलं, "कर की बिनधास्त. मी आहे ना."

महिन्याभरात त्याने गोळ्या पुढे सरकवणारी एक पट्टी कानशीने घासली. गोळ्यांचे कपचे उडायचे थांबले. मोठ्या खुशीत तो मला दाखवायला आला आणि मी आधी मशीन बंद करायला लावलं. लोखंडाचा कीस औषधात गेला नाही, हे आता कोण छातीठोकपणे सांगणार? आठवड्याचा सगळा माल नष्ट करावा लागला.

चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं, "परवानगी कोणी दिली?" मी समोरच बसले होते. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणीच नाही." मी मान खाली घालून जबाब लिहीत राहिले. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

दोन वर्षांनी अगदी तशाच आकाराची नवी पट्टी, रीतसर अर्ज आणि चाचण्या होऊन, त्या मशीनवर बसली. शेवटची सही माझी. मला राहवेना. दादाच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. वहिनी चहा ठेवून आत गेली.

"कपचे उडत नाहीत ना आता?" एवढंच त्याने विचारलं.

"नाही. दादा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"वेडी आहेस का? बोलली असतीस तर दोघंही घरी बसलो असतो."

माझी समजूत काढायला म्हणाला तो. त्याला काय माहीत, चौकशीच्या त्या खोलीत नेमका हाच विचार मी केला होता, आणि तोही त्याने तोंड उघडायच्या आधी.