माजघराची भुई

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कौलं चाळणं, फुटकी काढून पुन्हा नीट बसवणं. वेल्ह्याकडचा पाऊस लई, दरसाल त्याच्या आधी चाळावीच लागतात. मी वर वळचणीपाशी, ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून कौल वर देत होती.

"आवो, नीट बसा. पडलात तर उचलायचं कुणी?"

"तू हायेस की."

"म्या न्हाई. म्या वरनं गोधडी टाकून ठिवीन."

दोघंही हसलो. त्याच आठवड्यात ती झोपेत गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गेली म्हणजे गेली. घर उगाच मोठं वाटायला लागलं.

तेरावं झाल्यावर पोरगा म्हणाला, घर पाडू, स्लॅबचं बांधू. तो नसरापूरजवळ कंपनीत आहे, तिकडंच खोली घेऊन राहतो. मी म्हणालो, मला आधी पाड, मग घर. दोन महिने आमचं वाकडं होतं. शेवटी सूनच म्हणाली, "मामांना ऱ्हायचंय ना हितं? मग त्यांना पायजे तसं नीट करून द्या." पावसाळा सरला आणि काम लागलं.

पोरानं काम मनापासून केलं, हे सांगितलं पाहिजे. वाळवी लागलेला एक खांब तेवढा बदलला. गावात ज्यांनी घरं पाडली त्यांच्याकडची जुनी कौलं आणून फुटक्यांच्या जागी बसवली. गवंडी सिमेंटची पोती घेऊन आला, त्याला मी पडवीतूनच परत लावला. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा. न्हाणीघर आणि संडास मात्र आत आले, ते मला आवडलं. मी काही जुन्याचा वेडा नाही.

अडलं ते माजघराच्या भुईवर. खांब बसवताना ती उकरली होती. मी नवी माती टाकली, पाणी मारलं, चोपण्यानं बडवून सारखी केली. पण पोरानं फरशी ठरवली होती.

"भुई ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ देतो, आबा. पण सारवणार कोण? ही तिकडं कामाला जाती. तुमी सारवणार?"

आमच्यात बापईमाणूस घर सारवत नाही. नांगर धरील, कौलं चाळील, शेणाची पाटी उकिरड्यावर नेऊन टाकील. पण त्याच शेणानं भुई सारवली तर गाव हसतं. पोराला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी फरशीचा टेम्पो येतोय," म्हणून तो उठला.

शेजारच्या वहिनी, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या.

"भावजी, शेणात हात घातला म्हंजी मिशी गळंल व्हय?"

"वहिनी, तुमीच द्या की सारवून."

"माझं गुडघं द्या बदलून, मग देते. भुई पायजे तुमास्नी, न् वाकायचं आमी?"

लई झोंबलं. पण खोटं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोठ्यातलं ताजं शेण बादलीत कालवलं आणि माजघरात उकिडवा बसलो. पहिला हात फिरवला तेव्हा लाज वाटली. कुणी बघत नव्हतं तरी वाटली. मग हात चालू लागला. तिचं सारवण कसं एका हाताचं दिसायचं. माझं कुठं जाड, कुठं पातळ. पण ओल्या भुईचा वास सुटला आणि बरं वाटलं. ती गेल्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

पार कोपऱ्यात पोचलो आणि मागं वळून बघितलं. दारापर्यंत सगळी ओली भुई. मी दाराकडून सुरुवात केली होती! बाया भिंतीकडून मागं सरकत दारात येतात, हे मला या वयात, भिंतीला टेकल्यावर कळलं.

तेवढ्यात टेम्पो आला, बरोबर पोरगा आणि सूनही. पोरगा दारात येऊन थबकला.

"आबा, तिथं काय करताय?"

"अडकलोय. पाय टाकू नको आत."

त्याच्यामागून वहिनींनी मान काढली. "अगं बया! भावजींनी सोताला लिपून घेतलं की!" सूनबाई हसता हसता उंबऱ्याबाहेर खालीच बसली. पोरगाही हसला. मग भुईकडं बघत उभा राहिला.

"हे दर आठवड्याला करणार?"

"करीन. हात चालत्यात तवर."

"न् मग?"

"मग टाक फरशी. म्या काय बघायला येतोय?"

तो वळून टेम्पोवाल्याला म्हणाला, "न्हाणीघरापुरत्या उतरवा. बाकीच्या परत न्या."

सून घराला वळसा घालून माझ्यामागच्या खिडकीशी आली. गजांतून आधी हात धुवायला तांब्या दिला, मग चहा. भुई वाळेपर्यंत मी तिथंच कोपऱ्यात बसून तो प्यालो.