खरवडलेला आड

माळा आवरताना लातूरमधल्या माझ्या पहिल्या कामाचा नकाशा सापडला. ट्रेसिंग पेपरवर बोट फिरवलं, तर मधोमध खरखर लागली. तिथं आड होता.

तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला होता, जो तो गाळे बांधत होता. ते काम देणाऱ्या शेठजींच्या जागेतल्या आडाभोवती मी अंगण काढलं होतं, वर मोकळं आभाळ ठेवून. मोजमाप घेताना तिथं पाणी शेंदणारी बाई म्हणाली होती, "साहेब, दुष्काळात समदे आड आटले, ह्यो न्हाई आटला. ह्याला राहू द्या." मी "हाव" म्हटलं होतं.

शेठजी नकाशावर वाकले. "लई चांगला काढलात. एखादा गाळा वाढतो का, बघा की."

त्या काळी ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडायची. कागद फाटू नये म्हणून मी किती हलक्या हातानं तो आड खरवडला! मग फुंकर मारली.

मालकापुढं माझं काही चाललं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण शेठजींनी एकच गाळा मागितला होता. "एक कशाला, आड बुजवला तर दोन बसतात," असं मीच म्हणालो होतो.