कुलपातली साखर आणि भद्रप्पाअण्णांचं लिव्हर

निलम्माकाकूंनी साखरेचा स्टीलचा डबा दवाखान्यातल्या माझ्या टेबलावर आदळला. डब्याला कडी, कडीला कुलूप, चावी काकूंच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

“बगा म्याडम, कुलूप हाय तसं हाय. तरी ह्यांची साखर रोज सकाळी दोनशेच्या वर. मग खातेत कुठनं?”

त्यांचे यजमान भद्रप्पाअण्णा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मुरुम गावच्या बाजारात त्यांची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचं दुकान. एके काळी मूठभर तूर नुसती बघून भाव सांगणारा हा माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तूर की उडीद हे बोटांनी चाचपून बघावं लागतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं होतं. फास्टिंग शुगर, म्हणजे रात्रभर उपाशीपोटी राहून सकाळी मोजलेली साखर, खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही.

“देवाशप्पथ, म्या कायबी खाल्लं न्हाय,” अण्णा म्हणाले.

“मग हवेतनं आली व्हय?” काकू कडाडल्या आणि त्या तावातच माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली घटाघटा संपवली.

आमच्याकडं शुगरच्या माणसाला घरात पेशंट मानतच नाहीत, आरोपी मानतात. बायको फौजदार, सुना साक्षीदार, आणि निकाल द्यायला माझ्याकडं आणतात. मला ह्या कोर्टाचा भयंकर वैताग आहे.

“काकू, खाल्ली तरच साखर वाढते असं नाही,” मी म्हटलं. “आपल्या लिव्हरमध्ये साखरेचं गोडाऊन आहे. जेवलं की जादा माल तिथं जातो. पोट रिकामं राहिलं की ग्लुकागॉन नावाचं हार्मोन सांगतं, शटर उघड, माल रक्तात सोड. इन्सुलिन सांगतं, बास, बंद कर. अण्णांचं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही. त्यात पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा सगळ्यांचंच लिव्हर थोडा माल सोडतं. अण्णांचं सोडतच राहतं.”

काकूंनी नवऱ्याच्या पोटाकडं संशयानं बघितलं. “मग त्येलाच कुलूप घाला की!”

“रात्री काय जेवता, अण्णा?”

“जेवणच सोडलंय. खाल्लंच न्हाय तर चोरीचा आळ तरी कसा येतोय बगू.”

“आणि रात्रीची गोळी?”

“ती घेतो की. गोळी कशी सोडीन?”

माझं डोकंच फिरलं. ती गोळी साखर खाली आणणारी. पोटात घास नसताना ती घ्यायची म्हणजे जिवाशी खेळ. “पहाटे घाम येतो?”

“बंडी भिजती. हात लटलट कापतेत.”

“अहो, रात्री साखर पार खाली जातेय तुमची! शरीर घाबरून गोडाऊन मोकळं करतंय, म्हणून सकाळी ती वर दिसते. एखाद्या पहाटे उठणारच नाही तुम्ही!” मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. काकूंचा चेहरा पांढरा पडला. अण्णांच्या मांडीवर त्यांनी हात ठेवला, आणि मी बघतेय म्हटल्यावर लगेच काढूनही घेतला.

“ती गोळी आज रात्रीपासून बंद. बरं, साखर मोजता कुठं?”

दारात उभा असलेला त्यांचा मुलगा मन्मथ म्हणाला, “दुकानात. पंचांसमोर.”

हे मात्र मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडतीवर गेले. अण्णा लिंगपूजा करून तसेच उपाशी गादीवर बसलेले. पहिला सौदा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांच्या वडलांपासूनचा नेम. सौदा झाला, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मग शेजारचे दोन आडते पंच म्हणून गादीशी आले. हमाल पोती टाकून आले, चहावाला किटलीसकट आला. मन्मथनं मशीन काढलं आणि बापाच्या बोटाला सुई टोचली.

“आज काय निघंल?”

“काल दोनशे दहा होती. आज तेजी हाय बगा.”

“रात्री जिलबी दाबली वाटतं अण्णांनी!”

अण्णा ताडकन उठले. “कुणाच्या बापाची जिलबी खाल्ली रे म्या?”

दोनशे अडतीस. हमालानं आकडा ओरडून सांगितला, तो पार शेवटच्या दुकानापर्यंत पोचला.

मी मशीन हिसकावूनच घेतलं. “माणूस चिडला की ॲड्रेनालिन सुटतं, आणि तेही लिव्हरचं शटर उघडतं. जिलबी त्यांनी खाल्ली नाही, तुम्ही सगळ्यांनी मिळून भरवलीय! चला, कामाला लागा.” चहावाला आधी पळाला.

रात्री भाकरी-भाजी पोटभर, गोळी मी बदलून दिली ती, आणि तपासणी घरी, उठल्याबरोबर, पूजेच्या आधी, पंचांशिवाय. उपाशी ठेवून न उतरलेली साखर जेवू घालून उतरणार, हे काकूंना काही केल्या पटेना. “म्याडमला फोडलं ह्यांनी,” असं त्या मन्मथला म्हणाल्या, माझ्यासमोरच. पण वाढलं मात्र इमानदारीत. पहाटेचा घाम थांबला, आकडा हळूहळू उतरला आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

काळा चष्मा लावून अण्णा पेढे घेऊन आले, फक्त माझ्यासाठी. काकू बसल्याबसल्या पुन्हा माझी बाटली रिकामी करायला लागल्या. मागच्या खेपेला मी ते रागावर ढकललं होतं. पण सारखी तहान हे शुगरचंच लक्षण. ह्या खेपेला त्यांचा हात पुढं ओढला आणि सुई टोचली.

दोनशे शहाऐंशी.

काकू आकड्याकडं बघतच राहिल्या. मग गळ्यातला दोरा काढून त्यांनी चावी टेबलावर ठेवली. “देवाशप्पथ म्याडम, म्या कायबी…”

अण्णांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यानं बायकोकडं नीट बघितलं आणि चावी तिच्याकडं सरकवली.

“ठेव तुझ्याकडंच. गोडाऊन दुसरीकडं हाय.”

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. शुगरचा आरोपी हजर केला, की आधी फौजदाराचं बोट तपासायचं.