बिनअळीची वांगी

मंडळी, आज मोताळ्याच्या बाजारात माझ्या शेजारणीने एका म्हातारीची वांगी उचलून परत टोपलीत टाकली.

“एकाले बी अळी नाही. बीटीची असतीन. नातवाले काही झालं म्हंजे?”

म्हातारीची सकाळपासून बोहनी झाली नव्हती. ती कळवळून म्हणाली, “बीटी नाही वं माय! परवाच औषध फवारलं, म्हनून अळी नाही.”

“मंग दे दोन किलो,” शेजारीण निर्धास्त झाली.

जनुक बदललेल्या बीटी वांग्याला आपल्या देशात परवानगीच नाही, आणि फवारा मात्र खरा आहे, असं मी सांगितलं.

“मॅडम, तुमी चूप बसा,” दोघी एकदम म्हणाल्या.

बसले. पण त्या नातवाचं ताट डोळ्यांपुढून जात नाही. वांगी घेताना ‘फवारा कधी मारला?’ असं तुमच्यापैकी कोणी कधी विचारलंय?